काकूच्या कानात

जळते मी. आधीच सांगून टाकते, म्हणजे मंग मागून कोणी म्हणायले नको का विजयमाला आतल्या गाठीची बाई हाय. माह्या धाकल्या जावेवर, दिपालीवर, मी जळते. तिच्या गोऱ्या रंगावर नाही, तिच्या साड्यांवर नाही. माही पोट्टी शाळेतून आली का दप्तर माह्या अंगावर टाकते अन् "काकू, काकू" करत तिच्या खोलीत पळते, त्याच्यावर जळते.

पोट्टी म्हणजे नयन. दुसरीत हाय, आर्णीच्या कॉन्व्हेंटात. आमच्या इकडं इंग्रजी शाळा कोणतीबी असो, तिले कॉन्व्हेंटच म्हणतेत. सकाळी व्हॅन येते अन् दुपारी जेवणाच्या वक्ताले आणून सोडते. तिले तिथं टाकायची जिद्द माहीच होती. मी शिकली दहावी, तीबी मराठीतून, अन् नयनच्या बाबाले तुरीच्या भावापलीकडं काही वाचायचा कंटाळा. म्हटलं, पोट्टीनं तरी फाडफाड इंग्रजी बोलावं. बोलते आता. पण माह्यासंग नाही, काकूसंग बोलते.

पहिलीत होती तवा अभ्यास मीच घेत होती. कॅट, रॅट, मॅट इथपर्यंत माही गाडी बरी चालली. दुसरीत ते एकाचं अनेक करणं निघालं. एक असलं त शब्द तसाच ठेवायचा, जास्त असले त मागं एस लावायचा. बुकचं बुक्स, पेनचं पेन्स. म्हटलं, हे त एकदम सोपं हाय. मंग शाळेतल्या मॅडमनं घरच्या माणसांवर चार ओळी लिहून आणायले सांगतल्या. नयननं लिहिलं, 'माय ग्रँडफादर इज अ फार्मर.' मी पाहिलं अन् म्हटलं, काय वं, आबाजीले असं एकेरी लिहितेत का? आपण 'आबाजी आला' म्हणतो का 'आबाजी आले' म्हणतो? मोठ्या माणसाले मान द्या लागते. लाव एस. मोठ्या अक्कलहुशारीनं मी त्याचं 'ग्रँडफादर्स' करवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वहीवर लाल गोल. मॅडमनं म्हणे वर्गात विचारलं, तुले आजोबा किती हायेत, एका घरात? सारे पोट्टे हसले. घरी हे ऐकून माहे सासरे, पुंडलिकराव मामाजी, ठसका लागेस्तोवर हसले. "मी एकटाच हावो वो सुनबाई," म्हणे, "दुसरा कोठून आणू?" सारे हसले, मीही हसली. मान द्यायले गेली अन् माणसंच वाढवून ठेवली. नयन मात्र नाही हसली. ती वही घेऊन उठली, दिपालीच्या दारात गेली अन् चांगलं साऱ्याले ऐकू जाईन असं म्हणाली, "काकू, तू घे ना माहा अभ्यास. मम्मीले नाही येत."

त्या दिवशी पोट्टीचा अभ्यास गेला. अन् अभ्यासासंग पोट्टीबी गेली. जेवण काकूजवळ, वेणी काकूच्या हातची, पडलं-धडपडलं त रडायलेबी काकूच.

दिपाली यवतमाळची. बी.ए. झालेली, अन् शाळेपासून इंग्रजी चांगलं. माहा दीर बंटी यवतमाळले कामाले जाते, रोज बसनं येणं-जाणं करते. तिथं खोली करून राहावं, असं त्या दोघांचं कधी कधी चाले. मी भाकरी थापता थापता मनातल्या मनात म्हणो, घ्या बाप्पा, लवकर घ्या खोली.

शिकवते मात्र ती झकास. हे मी कबूल करते, अन् कबूल करतानाही पोटात दुखते. पुस्तक घेऊन बसतच नाही. नयनचं बोट धरून घरभर हिंडते. मोरीत जाऊन म्हणते, वन ब्रश, टू ब्रशेस. स्वयंपाकघरात येऊन माह्याच मांडणीवर हात ठेवते अन् म्हणते, वन ग्लास, टू ग्लासेस, वन डिश, टू डिशेस. ज्या शब्दाच्या शेवटी स, श, च असा आवाज निघते, त्याले नुसता एस लावला का जीभ अडखळते, म्हणून आधी ई टाकायचा. बेबी असलं त शेवटचा वाय काढायचा अन् आय-ई-एस लावायचं. पण बॉयचा वाय नाही काढायचा, कारण त्याच्या आधी ओ बसलेला असते. हे सारं मले ऐकू येत होतं. मी काय कानात बोळे घालून बसू? पाठ झालं मले. पण मले कोण विचारते.

इथवर मी सोसलं. पण मंग भुलाबाई बसल्या.

आमच्याकडं भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाई अन् भुलोजीची मातीची मूर्ती मांडतेत. संध्याकाळी घरोघरी जाऊन गाणे म्हणतेत. गाणे झाले का खिरापत. पण ती अशीच नाही भेटत. घरची बाई डबा झाकून आणते, कानाजवळ हलवून दाखवते, अन् आत काय हाय ते पोरींनी ओळखायचं. ओळखलं त पोरी जिंकल्या, नाही ओळखलं त घरची बाई जिंकली. आमच्या घरचा डबा म्हणजे माहा डबा. लग्न होऊन आली तवापासून माहा डबा गावात कोणी ओळखला नाही. शेजारची म्हातारी धुरपताबाई मुद्दाम आमच्या वक्ताले येऊन ओसरीवर बसते, पोरींची फजिती पाहायले. साऱ्या वर्षात तेवढी एकच गोष्ट होती, का ज्याच्यात मले गाव वाखाणत होतं.

यंदा दिपालीनं पोरींले सांगतलं का खिरापत इंग्रजीत ओळखायची. अन् एक नाही, अनेक म्हणायचं. "डब्यात एकच केळ कोण ठेवते का?" म्हणे. "बनाना म्हटलं त चूक. बनानाज म्हणा." पोरी काय, नव्याच्या नादी लागल्याच. ज्याच्या-त्याच्या घरी पीनट्स, बिस्किट्स, डेट्स, पीचेस. पीच म्हणजे काय ते गावात कोणी पाहिलं नाही, पण ई-एस लावायले भेटते म्हणून म्हणत सुटल्या. झेडपीच्या शाळेतली निकिता, सातवीतली, तीबी. साऱ्यांच्या समोर माही नयन, सगळ्यात लहान, काकूचा हात धरून. बाया म्हणत, दिपालीनं पोरींचं सोनं केलं. केलं असंन. पण डबा त माहा होता ना.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी आमच्या घराची पाळी होती. मी ठरवलं, यंदा असा डबा भरते का बी.ए. वालीनं डोकं आपटलं तरी उघडला नाही पाहिजे.

माहं माहेर पांढरकवड्याकडचं. माही आई दर उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचून वाळवते. पुरचुंडी मले पाठवते. तव्यावर भाजले, वरून जरा तीळ टाकले, का मनुक्याच्याही तोंडात मारंन अशी गोडी येते. इकडच्या पोरींले मोह म्हटलं का दारूच माहीत. अन् फूल हे खायची चीज हाय हे त कोणाच्या सपनातबी यायचं नाही. इंग्रजीत शब्द विचाराल त पहिल्या धड्यातला. फ्लॉवर, फ्लॉवर्स. नुसता एस. येत असूनही येऊ नये, हेच मले पाहिजे होतं.

दिपाली दुपारी आर्णीले बाजाराले गेली तवा मी तवा चढवला. वासानं नयन आली, व्हॅनमधून उतरून थेट चुलीजवळ. मी तिले जवळ घेतलं. एक फूल तिच्या तोंडात घातलं. चावलं, थांबली, डोळे मोठे केले.

"काय हाय हे?"

मी तिच्या कानात सांगतलं. अन् म्हटलं, "हे तुह्या अन् माह्यातच. काकूलेबी नाही सांगायचं. शपथ घे."

तिनं गळ्याले चिमटा घेऊन शपथ घेतली. मंग ती दुपारभर माह्या मागं मागं. डबा पुसला तिनं, तीळ निवडले तिनं, मधीच माह्याकडं पाहून तोंडावर हात ठेवून हसे. काकू बाजारातून आली तरी ही उठली नाही. खोटं नाही सांगत, माह्या पोटात गार गार वाटलं. किती दिवसांनी पोट्टी माही वाटली. डबा जिंकला काय, हरला काय, माहं त काम दुपारीच झालतं. तिथंच थांबली असती त बरं झालं असतं. पण जळकं माणूस थांबते का कुठं.

संध्याकाळी पोरी आल्या. गाणे झाले. धुरपताबाई ओसरीवर पाय लांब करून बसली. मामाजी खाटेवर. मी डबा आणला अन् साऱ्यांसमोर दिपालीले म्हटलं, "आज पैज लावू."

"कायची, ताई?"

"तुह्या पोरींनी ओळखलं त दरवर्षी खिरापत इंग्रजीत, मी तोंड नाही उघडणार. नाही ओळखलं त उद्यापासून मराठीत. अन् नयनचा अभ्यास माह्याजवळ. तुह्या खोलीत पाय नाही ठेवायचा तिनं वही घेऊन."

हे शेवटचं मी ठरवून नव्हती आली. निघून गेलं तोंडातून. मामाजी म्हणाले, "सुनबाई, लेकराले कायले पैजेत घालता?" दिपालीचं तोंड जरा उतरलं. पण साऱ्या पोरी तिच्याकडं पाहून राह्यल्या होत्या, ती म्हणाली, "बरं. तुम्ही म्हणता त तसं."

नयनकडं मी पाहिलंच नाही. तवाच पाहायले पाहिजे होतं.

मी डबा हलवला. सुरू झाल्या पोरी. रेझिन्स. नाही. कॅश्यूज. नाही. चॉकलेट्स. नाही. निकितानं डब्याले कान लावला अन् म्हणाली, बेरीज, वाय काढून. नाही म्हटलं, वाय काढ नाही त ठेव. बाया हसल्या. धुरपताबाईनं नाक वर करून वास घेतला अन् गालातल्या गालात हसली. तिले कळलं होतं, पण ती आम्हा बायांच्या बाजूची. दिपालीनं डबा हातात घेतला, हलवला, झाकणाच्या फटीले नाक लावलं. गोड हाय, एवढं म्हणाली अन् कपाळाले आठी घालून बसली. मी तिच्या त्या आठीकडं पाहत होती. कोणी पाच पक्वान्नं वाढली असती त एवढं गोड लागलं नसतं.

अन् तेवढ्यात नयननं काकूचा पदर ओढला. दिपाली वाकली. नयननं दोन्ही हातांचा आडोसा केला अन् तिच्या कानात काहीतरी सांगतलं.

मी समोरच उभी होती. आडोसा त्या बाजूनं होता, माह्या बाजूनं नव्हता. तिचे ओठ मले साफ दिसले. फ्लॉवर्स. एसपर्यंत नीट म्हटलं पोट्टीनं, काकूनं शिकवलं तसं.

माहं दूध प्यालेली पोट्टी. दुपारी गळ्याले चिमटा घेऊन शपथ घेतलेली. मले वाटलं, डबा उचलावा अन् अंगणात भिरकावून द्यावा. मंग वाटलं, आता ही बी.ए. वाली म्हणंन, फ्लॉवर्स, अन् साऱ्या पोरी टाळ्या पिटतीन, अन् मले हसावं लागंन.

दिपालीनं मान वर केली. आधी डब्याकडं पाहिलं. मंग माह्याकडं. किती वेळ पाहिलं ते मले नाही सांगता येत, पण तिले समजलं का मी पाहिलं. मंग ती पोरींकडं वळली अन् म्हणाली, "नाही बाप्पा ओळखू येत. हरलो आपण. उघडा ताई."

पोरींनी तोंडं पाडली. मी झाकण काढलं. फुलं पाहून कल्ला झाला. निकिता म्हणाली, हे त आम्हाले येत होतं, सोपंच होतं. धुरपताबाई म्हणाली, "पाहा, विजयमालेचा डबा हाय तो." साऱ्या खाऊ लागल्या, मागू मागू खाल्ल्या, बाया विचारून राह्यल्या का कसे भाजले. मी सांगत होती. जिंकली होती मी. अन् मले कोणी भरल्या ओसरीत थापड मारली असं लागत होतं. जिंकणंबी हिनं दिलेलं. हेही हिच्याच हातून घ्या लागलं.

पोरी गेल्यावर मी नयनले स्वयंपाकघरात ओढलं. दंड धरला तिचा.

"काहून सांगतलं काकूले?"

ती रडली नाही. माह्यासारखीच हाय, रागावली का रडू नाही येत तिले. "तू काहून म्हटलं का काकूच्या खोलीत नाही जायचं? हे त तू मले दुपारी नाही सांगतलं."

"म्हणून शपथ मोडली?"

"मले वाटलं, काकू हरली त तिले वाईट वाटंन. मंग ती काकासंग यवतमाळले चालली जाईन. मंग नाही येणार."

"अन् मले वाईट वाटलं त?"

तिनं माह्याकडं असं पाहिलं का मी काही येड्यासारखंच विचारलं. "तू कुठं जातेस?" म्हणाली. "तू त मम्मी हायेस."

दंड सुटला माह्या हातातून. मी कुठं जाते, बराबर हाय. मी चुलीसारखी इथंच. जो जाऊ शकते त्याले धरून ठेवा लागते, मले धरायची गरजच नव्हती तिले. ह्यात खुश व्हावं का रडावं ते मले अजून समजलं नाही.

भांडे घासायले दिपाली आली. रोजच्यासारखी आली, तोंडावर काही नाही. मी म्हटलं, "तुले सांगतलं होतं तिनं."

"काय, ताई?"

"आता सोंग नको घेऊ. मी पाहिलं."

ती राखेचा हात तसाच ठेवून थांबली. "ते तुमचं दोघींचं होतं," म्हणाली. "ते घेऊन मी कशी जिंकू?" अन् परत भांड्याले लागली. मले तिचा असा राग आला का विचारू नका. चांगली बाई असली का तिच्यावर जळायलेबी जागा राहत नाही, अन् जळजळ त होतेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी नयन शाळेतून आली. दप्तर माह्या अंगावर नाही टाकलं. नीट खाली ठेवलं, वही काढली अन् माह्यासमोर बसली. दिपालीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. दिपालीनं स्वतःच लोटलं होतं, कबूल केलं ते पाळायले.

वहीत शब्द दिलते, एकाचे अनेक करायचे. नयन करत गेली. मुकाट्यानं. कॅट्स, डॉग्स, बसेस. मी बाजूले बसून पाहत होती. बरोबर आलं का मी "शाबास" म्हणो, ती "हं" म्हणे. काकूजवळ बसली असती त आतापर्यंत घरभर तीनदा हिंडून आली असती, पलंगावर उड्या मारल्या असत्या. माह्यासमोर अशी बसली होती का जशी बँकेत पाळी यायची वाट पाहून राह्यली. एकदाही दाराकडं पाहिलं नाही तिनं. त्याच्यानंच माहा जीव जास्त जळला. एवढ्याशा पोट्टीले न पाहायले किती जोर लागत असंन.

मंग आला शब्द, लेडी. तिनं पेन्सिल तोंडात घातली. "वाय काढू का ठेवू?" म्हणाली.

मले येत होतं. वाय काढ, आय-ई-एस लाव. पाठ होतं ते मले, आधीपासून. सांगतलं असतं त ती म्हणाली असती, मम्मीले येते. ते एकदा तरी ऐकायचं होतं मले तिच्या तोंडून, लय दिवसांपासून ऐकायचं होतं.

मी लोटलेल्या दाराकडं तोंड करून म्हटलं, "दिपाली, ये वं जरा इकडं. एक शब्द अडला, मले नाही येत."

दार उघडलं. दिपाली आली, वहीवर वाकली, शब्द पाहिला अन् मंग माह्याकडं पाहिलं. नयनच्या त्या बाजूनं बसली. ह्या बाजूनं मी होतीच. पोट्टी सरकली ती तिच्याचकडं, एकदम अंगाले लागून, अन् बोलायले जी सुरू झाली ती थांबेचना. झाली जळजळ. होणारच. पण मी उठली नाही.